पेटीचा रियाज आणि मेट्रोनोम: टिकटिक कधी लावायची, कधी बंद करायची

"ताई, रोज दीड तास बसतो, पण गाडी पुढंच सरकत नाही." नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका पहिल्याच दिवशी मला हे म्हणाले. मी म्हटलं, "घरी जसं वाजवता तसंच इथं वाजवा काका. मी समोर नाहीच असं समजा." त्यांनी भूपातली सरगम सुरू केली. आठव्या मात्रेपर्यंत (मात्रा म्हणजे तालाचा एक ठोका) सुरेख. नवव्या मात्रेला बोट अडखळलं, ते थांबले आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. परत तिथंच अडखळले, परत पहिल्यापासून. पंधरा मिनिटांत त्यांनी पहिल्या आठ मात्रा वीसेक वेळा वाजवल्या, ज्या त्यांना आधीच येत होत्या. आणि जी जागा येत नव्हती, तिच्यावर वीसेक वेळा चुकीचं बोट टाकलं. शेजारी मोबाईलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरवलेल्या वेगानं टिक देणारं यंत्र, इमानानं टिकटिकत होता.

कष्टात काही कमी नव्हतं. पण रोज दीड तास ते चूकच घोटत होते, आणि तीही ठेक्यात.

पंचवटीत माझ्याकडे पेटी आणि कीबोर्ड शिकायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं थोड्याफार फरकानं हेच होतं. मेट्रोनोम म्हणजे रियाज, असा एक समज पसरला आहे. ॲप फुकट मिळतं, कीबोर्डवर तर बटणच असतं, मग पहिल्या मिनिटापासून ते चालू. माझं म्हणणं एवढंच आहे की मेट्रोनोम रियाजाच्या मधल्या भागाचा सोबती आहे. बोटांना वाट सापडेपर्यंत त्याला बोलवायचं नाही, आणि वाट सरावाची झाली की त्याला निरोप द्यायचा. हे कसं करायचं ते एकाच सरगमीवर, बोटाबोटानं दाखवते.

आधी बैठक आणि भाता

पेटी जमिनीवर ठेवून वाजवत असाल तर मनगट आणि पट्ट्या साधारण एका पातळीत यायला हव्यात. मनगट खाली लोंबत असेल तर पेटीखाली घडी केलेलं जाड कांबळं घाला. खांदा वर चढला असेल तर पेटी उंच झाली आहे. वाजवताना मनगटात किंवा कोपरात दुखायला लागलं तर तिथंच थांबा. अंग दुखत असताना केलेला रियाज उद्याचा रियाजही घालवतो.

भात्याबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं. युरोपातली मूळ हार्मोनियम पायानं हवा भरायची, दोन्ही हात पट्ट्यांवर असायचे. १८७५ च्या सुमारास कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याची पेटी बनवली आणि ती आपल्या बैठकीत मांडी घालून बसली. त्या बदल्यात आपला एक हात कायमचा भात्यावर गेला. त्यामुळे पियानोच्या पुस्तकांतले दोन हातांचे व्यायाम पेटीवाल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आपला डावा हात वेगळंच काम करतो: तो श्वास देतो.

आणि मेट्रोनोम लावला की सगळ्यात आधी बिघडतो तो हा डावा हात. टिक पडली की भात्याला धक्का, परत टिक, परत धक्का. सूर हेंदकाळतो. मुलांच्या हे लक्षातही येत नाही, कारण त्यांचं सगळं ध्यान उजव्या हाताकडे असतं. यावर उपाय असा. मेट्रोनोम ६० वर, म्हणजे मिनिटाला साठ टिकांवर ठेवा, नुसता 'सा' दाबून धरा आणि आठ टिका होईपर्यंत सूर एकसारखा ठेवा. भाता संथ चालू दे, टिकेला तो हललाच पाहिजे असं नाही. डोळे मिटून ऐका, टिकेच्या क्षणी सूर फुगतो का? दोन-तीन दिवस रोज दोन मिनिटं एवढंच करा. मग पुढं जा.

टिकटिक बंद, फक्त बोटं

आता आपली सरगम. भूपाचे पाच स्वर, त्रिताल, सोळा मात्रा, पांढरी एकचा (पाश्चात्त्य C चा) सा:

सा रे ग प | ध सां ध प | ग प ग रे | सा रे ध़ सा

बोटांचे आकडे, अंगठा १ ते करंगळी ५:

१ २ ३ १ | २ ४ २ १ | ४ ५ ४ ३ | २ ३ १ २

शेवटच्या ओळीतला ध मंद्र सप्तकातला आहे. आता हे आकडे पाहून हात नुसता पट्ट्यांवर ठेवा, वाजवू नका. नवव्या मात्रेपासून पुढं मंद्र धैवत, सा, रे, ग, प असे पाच स्वर पाच बोटांखाली आपोआप येतात. शेवटपर्यंत हात हलवावा लागत नाही. म्हणजे या सरगमीत खऱ्या अडचणीच्या जागा दोनच. एक, चौथ्या मात्रेचा प, जिथं अंगठा मधल्या बोटाखालून सरकतो. दुसरी, आठवीवरून नववीवर जाताना, जिथं प वरच्या अंगठ्यावरून अनामिका ओलांडून ग वर येते. काका अडखळत होते ते नेमकं इथंच. तिथं ते दर वेळी वेगळं बोट टाकत होते, कधी मधलं, कधी तर्जनी. ज्या जागेला बोट ठरलेलं नाही, तिथं हात दर वेळी नव्यानं विचार करतो, आणि लय विचाराला वेळ देत नाही.

म्हणून पहिलं काम वहीत. शिसपेन्सिलीनं प्रत्येक स्वराखाली बोटाचा आकडा लिहा. माझे आकडे तुमच्या हाताला जमत नसतील तर बदला, लहान मुलांना मंद्र ध ते प हा पल्ला कधी कधी ताणला जातो. पण एकदा ठरवले की तेच ठेवा. करंगळी वापरूच नये असं सांगणारे जुने पेटीवादक आहेत, आणि तीन बोटांवर विलक्षण वाजवणारे मी ऐकलेही आहेत. तरी नव्यानं शिकणाऱ्यानं पाचही बोटं कामाला लावावीत असं माझं मत आहे.

सा दुसऱ्या पट्टीवर धरला की तीच बोटं चालत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. पांढरी एकपासून शुद्ध स्वरांचं सप्तक १ २ ३ १ २ ३ ४ ५ असं जातं. तेच काळी एकपासून वाजवायचं तर २ ३ १ २ ३ ४ १ २, म्हणजे अंगठा काळ्या पट्टीवर न चढवता पांढऱ्यावरच ठेवायचा.

या टप्प्यात मेट्रोनोम नको. एकेक स्वर इतका सावकाश वाजवा की पुढचं बोट पट्टीवर टेकल्यावरच ते दाबलं जाईल. मध्ये कितीही वेळ गेला तरी चालेल. पेटीवर आणखी एक गोष्ट ऐकायची असते: मागचं बोट उचलायला उशीर झाला तर दोन्ही स्वर एकत्र बोलतात. पियानोत पेडल नसेल तर सोडलेला स्वर लगेच विरतो. पेटीत हवा आहे तोवर दाबलेली पट्टी बोलतच राहते. बोट दाबण्याइतकंच ते उचलणं शिकायचं असतं, आणि ते फक्त संथ वाजवतानाच ऐकू येतं.

अडलेली जागा उचलून वेगळी घोटा

काकांना मी सांगितलं, सरगम पहिल्यापासून आठवडाभर वाजवायचीच नाही. फक्त 'ध प ग'. तीन स्वर, बोटं २ १ ४. तेवढंच, लय सोडून. मग मागं एक स्वर जोडला: 'सां ध प ग'. मग पुढं एक: 'सां ध प ग प'. अवघड जागेच्या दोन्ही बाजूंना असे एकेक स्वर जोडत गेलं की शिवण दिसत नाही.

किती वेळा? मी सलग तीन वेळा बिनचूक असा नियम लावते. तिसऱ्यांदा चुकलं तर मोजणी परत एकपासून. हा नियम कडक वाटतो, पण त्यामुळे हात आपोआप सावकाश होतो. चूक महाग पडते ना!

तीनदा झालं की ती जागा सोडा आणि दुसरी घ्या. एकाच जागेवर अर्धा तास बसू नका. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या अमेरिकी संशोधकांनी हाताच्या साध्या हालचालींवर एक प्रयोग केला होता. एका गटानं एकेक हालचाल सलग घोटली, दुसऱ्यानं आलटूनपालटून. सराव करताना पहिला गट सरस दिसला. काही दिवसांनी पुन्हा तपासलं तेव्हा दुसऱ्या गटाच्या लक्षात जास्त राहिलं होतं. पेटीवर याचा अर्थ सरळ आहे: 'ध प ग' तीनदा, मग आजच्या अलंकारातली (स्वरांच्या ठरावीक व्यायामातली) अडलेली जागा तीनदा, मग एखाद्या अभंगाची ओळ, मग परत 'ध प ग'. परत आल्यावर हात थोडा विसरलेला असतो, त्याला आठवावं लागतं. ते आठवणंच रुजतं. हा रियाज मधूनमधून निराश करतो, कारण काल आलेलं आज अडतं. तरी हाच धरा.

आणि रात्री न जमलेली जागा सकाळी जमते, हा अनुभव प्रत्येक वादकाला आहे. हाताला शिकवलेलं झोपेत बसतं. म्हणून दीड तास एकदा बसण्यापेक्षा वीस-वीस मिनिटं दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, हे फार बरं.

आता मेट्रोनोम

संपूर्ण सरगम लय सोडून, ठरलेल्या बोटांनी, सलग तीनदा बिनचूक आली की मेट्रोनोमची वेळ झाली. त्याआधी नाही.

तो लावायचा कितीवर? अंदाजानं ठरवू नका. ५० वर सुरू करा, एका टिकेला एक स्वर. तीन आवर्तनं (सोळा मात्रांच्या फेऱ्या) नीट गेली तर ६०, मग ७०, मग ८०. जिथं पहिल्यांदा तुटेल तो आकडा वहीत लिहा. समजा ८० ला तुटलं. मग त्याच्या पाऊणपट, म्हणजे ६०, हा तुमचा आजचा रियाजाचा वेग. ७५ ला कसंबसं जमतंय म्हणून तिथं राहायचा मोह होतो, तो आवरा. कसंबसं जमतं तिथं खांदे आवळलेले असतात, आणि ते आवळणंही घोटलं जातं.

ऐकायचं काय? बरीच मुलं टिक ऐकून मग बोट टाकतात. तसं केलं की स्वर नेहमी किंचित मागं पडतो. टिकेची वाट पाहू नका, तिच्यासोबत पडा. याची एक खूण आहे. पेटीचा आवाज मोबाईलच्या टिकेपेक्षा मोठा असतो, म्हणून स्वर अगदी टिकेवर पडला की टिक त्याखाली झाकली जाते. टिका ऐकू येईनाशा झाल्या तर तुम्ही बरोबर आहात. टिक स्वराच्या आधी वेगळी ऐकू येत असेल तर तुम्ही मागं, नंतर ऐकू येत असेल तर पुढं पळताय.

लंबकाच्या मेट्रोनोमवर आकडे ६०, ६३, ६६, ६९, ७२ आणि मग ७६, ८०, ८४ असे का वाढतात, असं मुलं विचारतात. ॲम्स्टरडॅममध्ये विंकेल यांनी बनवलेल्या यंत्रावरून मेल्झेल यांनी १८१५ मध्ये पेटंट घेतलेलं हे यंत्र ४० ते २०८ पर्यंत जातं, आणि वेग वाढत जातो तशी पायरीही मोठी होत जाते. कान फरक मोजतो तो प्रमाणात. ६० वरून ६३ जाणवतं, २०० वरून २०३ जाणवत नाही. बेथोवेननं १८१७ मध्ये आपल्या सिंफनींना असे आकडे देऊन टाकले. आपल्याकडे मात्र विलंबित, मध्य, द्रुत हे शब्दच पुरेसे होते. त्यामुळे मेट्रोनोमचा आकडा आपल्यासाठी रागाचा किंवा बंदिशीचा गुण नसतो. आज माझा हात कुठवर आला आहे, एवढंच तो सांगतो. नाशिककरांना वेगळं सांगायला नको: पूर आला की आपण गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो, पाणी गुडघ्याला लागलं की कमरेला की छातीला. मारुती पाणी वाढवत नाही, उतरवतही नाही. मेट्रोनोमचं तसंच आहे.

वेग वाढवताना सरळ चढू नका. ६०, ६६, परत ६३, मग ६९, परत ६६, मग ७२. सहा वर, तीन खाली. खाली आल्यावर तोच वेग आधीपेक्षा प्रशस्त वाटतो, हाताला श्वास मिळतो. कुठंतरी चढण थांबतेच. तिथं आणखी एक युक्ती आहे. मेट्रोनोम ६० वर ठेवा. एका टिकेपासून चार स्वर झपकन, चौगुनीच्या वेगात, आणि पुढच्या टिकेवर पाचव्या स्वरावर थांबा. एक टिक विश्रांती. मग त्या पाचव्या स्वरापासून पुढचे चार. छोट्या उडीला हात भीत नाही. आठवडाभरात या उड्या जोडता येतात.

हिवाळ्यात मात्र जपून. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे बोटं आखडलेली असतात. तेव्हा वेगाचा रियाज सकाळी करूच नका. कोमट पाण्यात हात धुवा, दहा मिनिटं संथ अलंकार, मग बाकीचं.

एकगुन, दुगुन, तिगुन

पाश्चात्त्य पद्धतीत टिकटिक वाढवत नेतात. आपल्याकडे टिकटिक तशीच ठेवून स्वर दाट करायची रीत आहे, आणि लयीची समज त्यानं जास्त पक्की होते असं मला वाटतं. मेट्रोनोम ६० वर. एका टिकेला एक स्वर, सोळा टिकांत सरगम एकदा. मग एका टिकेला दोन स्वर, एका आवर्तनात सरगम दोनदा. भातखंडे लिपीत एका मात्रेतले स्वर खाली चंद्रकोरीत बांधलेले असतात, ते आता हाताला कळू लागतात. परत एकगुनीवर या. उतरताना पाय लटपटतात ते इथंच: दुगुनीची धग हातात राहते आणि एकगुन घाईची होते. म्हणून दुगुन वाजवण्यापेक्षा दुगुनीवरून परत येणं जास्त वेळा करा.

तिगुन जमवायला वेळ लागतो, पण तिचा आनंद वेगळा. एका टिकेला तीन स्वर, एका आवर्तनात सरगम तीनदा. सोळा स्वर तीन-तीननं वाटले की पहिली फेरी सव्वापाचच्या जरा पुढं, बरोबर पाच आणि एक तृतीयांश मात्रांत संपते. म्हणजे दुसऱ्या फेरीचा सा सहाव्या मात्रेच्या पोटात येतो, टिकेवर येत नाही. तिसऱ्या फेरीचा सा अकराव्या मात्रेच्या शेवटच्या तिसऱ्या भागात. आणि तिसरी फेरी संपते तेव्हा सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, समोर उभी! आधी हे पेटीशिवाय करा, हातावर टाळी देत तोंडानं म्हणा. तोंडाला येत नाही ते बोटांना येणार नाही.

तबला मशीन की मेट्रोनोम?

हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकायला मिळतो. दोन्ही लागतात, पण वेगवेगळ्या दिवशी. तबल्याच्या ठेक्यात सम कुठं, खाली (टाळी न देता हात उघडतो ती मात्रा) कुठं हे बोलांतून कळतं, आणि ते शिकायलाच हवं. आपल्या सरगमीतली ती अवघड उडी आठवा, आठवीवरून नववीवर. नववी मात्रा म्हणजे त्रितालाची खाली. खालीच्या भागात तबल्याचा भरीव बाया (डावा तबला) थांबतो. मग अडखळणं जास्तच उघडं पडतं, आणि नीट गेलं तर खालीचं सौंदर्यही तिथंच हाती लागतं.

पण ठेका भरलेला असतो. धा धिं धिं धा च्या नादात तुमचा स्वर जरा मागंपुढं झाला तर तो झाकला जातो. मेट्रोनोमची टिक कोरडी आणि बारीक असते, तिच्यात काही लपत नाही. म्हणून बोटांची तपासणी मेट्रोनोमवर, तालाची समज तबल्यावर. ॲपमध्ये पहिल्या टिकेला वेगळा आवाज देण्याची सोय असते, ती सोळाला लावता आली तर सम कळते. आधी मात्र ती बंद ठेवून मनातल्या मनात सम मोजा.

टिकटिक काढून घेणं

हा भाग सगळे वगळतात आणि इथंच खरं शिक्षण आहे. मेट्रोनोमवर उत्तम वाजवणारा मुलगा तो बंद केल्यावर धावायला लागतो, कारण लय त्याच्या बाहेर होती.

एकदम बंद करू नका, विरळ करत न्या. समजा सरगम १२० ला येते आहे. आता मेट्रोनोम ६० ला लावा आणि वाजवा तसंच, १२० च्याच वेगात. टिक आता एकाआड एक मात्रेला. दोन दिवसांनी ॲपवर ३० ला लावा. टिक चार मात्रांत एकदा, म्हणजे पहिली, पाचवी, नववी, तेरावी. मधल्या तीन मात्रा तुमच्या जबाबदारीच्या. पहिल्यांदा हे अंधारात जिना उतरल्यासारखं वाटतं. चार-पाच दिवसांत पायरी कुठं आहे ते पायाला कळतं.

मग ही चाचणी. मेट्रोनोम ८० वर, दोन आवर्तनं त्याच्यासोबत वाजवा. सोबतच्या कुणालातरी मोबाईलचं घड्याळ द्या. टिकटिक बंद होताच त्यानं वेळ सुरू करायची आणि तुम्ही न थांबता पाच आवर्तनं वाजवायची. ८० च्या वेगात सोळा मात्रांना १२ सेकंद लागतात, म्हणजे पाच आवर्तनांना बरोबर एक मिनिट. ५४ सेकंदांत संपलं तर तुम्ही पळालात. ६५ लागले तर रेंगाळलात. माझ्या अनुभवात दहातले आठ जण पळतात. कुठं पळालात हे रेकॉर्डिंग ऐकून शोधा. बहुतेक वेळा सोप्या जागांवर पळतो आपण, आपल्या सरगमीत 'सा रे ग प' वर. अवघड जागेकडे लक्ष असतं, सोप्या जागेला लगाम सुटतो.

कुठं लावूच नये

आलापाला लावू नका. नवीन चीज (बंदिश) पहिल्यांदा बसवताना नको, कारण तेव्हा हात थांबणारच आणि थांबायलाच हवा. गायकाच्या साथीचा सराव करताना नको. साथीला बसलात की लय गायकाच्या श्वासाची, आणि पेटीवाल्यानं त्याच्या पाव मात्रा मागून, त्याला ऐकत जायचं असतं. ते मेट्रोनोमवर शिकता येत नाही. रेकॉर्डिंग लावून, त्याहून बरं म्हणजे घरातल्या कुणालातरी अभंग म्हणायला लावून ते शिका.

आणि मन जड असेल त्या दिवशी नको. अशा दिवशी एखादा राग नुसता छेडत बसा. तोही रियाज आहे.

कीबोर्डवाल्यांसाठी थोडं वेगळं. ऑर्केस्ट्रात किंवा रेकॉर्डिंगला बसायचं असेल तर कानात क्लिक (मेट्रोनोमचीच टिक) घेऊन वाजवायची सवय लागतेच, तिथं सुटका नाही. ग्रेड परीक्षांच्या तुकड्यांवर वेगाचा आकडा किंवा वेगाचा शब्द छापलेला असतो, तो शेवटचा मुक्काम समजा, पहिल्या दिवसाचा नाही. दोन्ही हात वाजवायचे असतील तर मेट्रोनोम आधी एकेका हाताला, मग दोन्हींना, तेही परत पहिल्या वेगावर येऊन. कीबोर्डचा आवाज ब्लूटूथ स्पीकरवर घेऊ नका. पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंत जो विलंब होतो त्यानं हात बिघडतो. वायर लावा. हेडफोनची सोय आहे हे कीबोर्डचं मोठं सुख. सिडकोतल्या भिंतीला भिंत लागलेल्या घरांतली माझी मुलं त्यामुळेच रात्री दहालाही रियाज करू शकतात. पण तयार कॉर्ड आणि रिदम चालू ठेवून रियाज करू नका, तो ठेका तबला मशीनपेक्षाही जास्त झाकतो.

चाळीस मिनिटं असतील तर

पहिली पाच भाता आणि लांब स्वर, कीबोर्ड असेल तर संथ अलंकार. पुढची पंधरा टिकटिकीशिवाय, आलटूनपालटून तीन अडलेल्या जागा. मग मेट्रोनोमवर दहा मिनिटं, त्यातली शेवटची दोन विरळ टिकेवर. उरलेली दहा मिनिटं मनापासून काहीतरी पूर्ण वाजवायचं, न थांबता, चुकलं तरी पुढं जात. थांबून दुरुस्त करण्याची सवय रियाजात हवी, आणि न थांबता पुढं जाण्याचीही. दोन्हींची वेळ वेगळी ठेवा, म्हणजे काकांसारखं होत नाही.

वहीत रोज एक ओळ लिहा: तारीख, तुकडा, तुटण्याचा वेग, अडलेली जागा. महिन्यानं ती पानं चाळा. पावसाळ्यात एखादी पट्टी दमटपणानं फुगून अडकत असेल तर तेही लिहा. नाहीतर पेटीचा दोष तुम्ही बोटांच्या माथी माराल.

लेहरा

हे सगळं मी मेट्रोनोमवर शिकले आणि माझी परीक्षा झाली ती लेहऱ्यावर. तबल्याच्या सोलोला किंवा कथकला पेटीवर एकच ओळ अखंड वाजत राहते, तो लेहरा. तिथं पेटीवालाच सगळ्यांचा मेट्रोनोम असतो. तरुणपणी एका छोट्या कार्यक्रमात मी कथकसाठी त्रितालात लेहरा धरला होता. नर्तकीचा तत्कार (पायांचं काम) चौगुनीत गेला, घुंगरांचा पाऊस सुरू झाला आणि माझा हात त्याच्यामागं ओढला गेला. मला कळलंही नाही. तिची तिहाई (तीनदा घेऊन समेवर संपवायचा तुकडा) समेवर यायची ती अर्धी मात्रा उशिरा पडली, कारण सम मी आधीच आणून ठेवली होती. तिचं काहीच चुकलं नव्हतं. सभागृहाला वाटलं तिचं चुकलं. ते मला आजही टोचतं.

त्यानंतर मी असा रियाज सुरू केला, आणि लेहरा धरू इच्छिणाऱ्या प्रत्येकाकडून तो करून घेते. वरचीच सरगम घ्या, मेट्रोनोम ८० वर, दोन आवर्तनं सोबत. मग तो बंद. आता कुणालातरी शेजारी बसवून वेगवेगळ्या लयीत टाळ्या द्यायला सांगा, दुगुन, चौगुन, तिगुन, मध्येच थांबून, मध्येच दाट. तुम्ही सरगम तशीच धरायची. दहा आवर्तनं, म्हणजे दोन मिनिटं. दोन मिनिटं होताच मेट्रोनोम पुन्हा ८० वर सुरू करायचा आणि न थांबता वाजवत राहायचं. पहिल्या चार-पाच स्वरांतच कळतं: तुमची लय टिकेला जाऊन मिळते आहे, की हाताला वेग बदलावा लागतो आहे.

काकांना हे जमायला सात महिने लागले. आता त्यांची नात कथक शिकते, आणि संध्याकाळी तिच्या तत्काराला लेहरा तेच धरतात.